आठ विरुद्ध एक

नानावटी खटल्याचा निकाल डोंबिवलीत आला तो लोकलने. आमच्या घरी ही गोष्ट नेहमी इथूनच सुरू व्हायची. बुधवार, 21 ऑक्टोबर 1959. दिवाळी तोंडावर आलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बोरीबंदरला जाणाऱ्या गाडीत एका गृहस्थांनी डबाभर पेढे वाटले. आजोबा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते. त्यांनीही पेढा घेतला आणि कागदात बांधून संध्याकाळी घरी आणला. जणू घरातलंच कुणी पास झालं होतं.

खटल्याची हकिगत आमच्या पिढीला पाठ होती, धाकट्यांसाठी ती पुन्हा सांगायला हवी. कमांडर कावस माणेकशॉ नानावटी हे आरमारातले अधिकारी, ‘म्हैसूर’ या युद्धनौकेवर. 27 एप्रिल 1959 च्या दुपारी पत्नी सिल्व्हियाने त्यांना सांगितलं, की आपलं मन प्रेम आहुजावर बसलं आहे. नानावटींनी बायकोमुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं. मग ते बोटीवर गेले. रात्री एकट्यालाच गाडीने अहमदनगरला जायचंय, असं सांगून त्यांनी रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. आधी आहुजाच्या कचेरीत, मग मलबार हिलवरच्या त्याच्या घरी. तीन गोळ्या. तिथून पोलिसांकडे. सत्र न्यायालयात नऊ ज्यूरींपैकी आठ जण म्हणाले, निर्दोष.

त्या वेळी घरात टेलिव्हिजन नव्हता, तरी खटला लोकांनी पाहिल्यासारखा पाहिला, तो रूसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकातून. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना जायचा. आजोबांच्या डब्यात एक अंक सात-आठ जणांत फिरे आणि ज्याचं इंग्रजी चांगलं, तो मोठ्याने वाचून मराठीत अर्थ सांगे. कोर्टात पांढऱ्या गणवेशात, छातीवर पदकं लावून उभा असलेला देखणा अधिकारी या वाचनातून ठाकुर्ली-कल्याणच्या चाळींपर्यंत पोचला. मुंबईच्या फुटपाथवर फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ आणि ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ विकत होते. टॉवेलवर तर सगळा खटला अडला होता. झटापटीत गोळी सुटली, हे बचावाचं म्हणणं. मग नुकत्याच न्हाणीघरातून आलेल्या माणसाच्या कमरेचा टॉवेल, तो माणूस कोसळल्यावरही, जागच्या जागी कसा, हा सरकार पक्षाचा सवाल. आजोबा तो भाग आम्हां मुलांसमोर आवाज उतरवून सांगत आणि पुढच्या वाक्याला पुन्हा खणखणीत होत: “देशासाठी समुद्रावर जाणारा माणूस. त्याच्या पाठीमागे त्याचं घर कुणी सांभाळायचं?” डब्यातल्या बहुतेकांचं मत हेच होतं. महिना दीडशे-दोनशे कमावणाऱ्या या माणसांना मलबार हिल आणि मोटारींचा धंदा करणारा श्रीमंत आहुजा परका वाटे आणि शिस्तीचा नोकरदार नानावटी आपला.

पण गाडी कल्याणला संपत नव्हती. पुढे उल्हासनगर होतं. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवलं, 1949 मध्ये तिला उल्हासनगर नाव मिळालं, पण आमच्याकडची जुनी माणसं शेवटपर्यंत ‘कॅम्प’च म्हणाली. आजोबांच्या डब्यात कॅम्पातला एक कापडवाला रोज असायचा. पेढ्यांचा डबा त्याच्यापुढे आला तेव्हा त्याने हात जोडले. “आहुजा आमच्यातला, सिंधी होता म्हणून नाही,” तो म्हणाला, “पण मेलेल्याची बाजू ऐकली कुणी?” डबा पुढे सरकला. आजोबा हे सांगत तेव्हा थोडे थांबत. हा प्रसंग त्यांनी कधी गाळला नाही, यासाठी मला ते फार मोठे वाटतात.

ठाण्यात राहणारे थोरले आजोबा मात्र या निकालावर भडकले होते. ते कोर्टात शिरस्तेदार होते. आहुजाशी वा नानावटींशी त्यांना देणंघेणं नव्हतं, त्यांचा राग ज्यूरीवर होता आणि तो जुना होता. त्यांच्या वडिलांनी 1908 चा टिळकांचा खटला त्यांच्या मनावर कोरून ठेवला होता. तिथेही नऊ ज्यूरी, त्यांतले सात युरोपियन. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले, सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी वर्षाला एक याप्रमाणे सहा दिवस मुंबई बंद पाडली. थोरले आजोबा म्हणत, तेव्हा त्या सातांनी आपल्या जातभाईंकडे बघून कौल दिला, आता या आठांनी वर्तमानपत्राकडे बघून दिला; पुराव्याकडे दोन्ही वेळा कोण बघत होतं? दोघा भावांचं यावरून दिवाळीत चांगलंच वाजलं.

मला त्यांच्यात थोरल्यांचं पटतं, आणि पुढचा इतिहासही त्यांच्याच बाजूने गेला. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांनी ज्यूरीचा कौल विपरीत ठरवून प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडलं. साऱ्या शहराच्या आनंदाविरुद्ध असं लिहायला काय धैर्य लागलं असेल! 11 मार्च 1960 ला उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी ती स्थगित केली आणि नानावटी आरमाराच्याच ताब्यात राहिले. अखेर 24 नोव्हेंबर 1961 ला सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. बायकोच्या कबुलीपासून गोळ्यांपर्यंत जवळजवळ तीन तास गेले होते. एवढ्या वेळात माणसाचा तोल परत येतो, असं न्यायमूर्तींनी म्हटलं. ज्यूरी पद्धत जावी, अशी शिफारस विधी आयोगाने 1958 मध्येच केली होती; या खटल्याने तिला लोकांच्या मनात आधार मिळाला आणि 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही.

त्या दिवाळीच्या भांडणात आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली होती, असं आत्या सांगते. आजी ‘ब्लिट्झ’ वाचत नव्हती, पण ऐकलेलं सगळं तिच्या लक्षात असे. तिने एवढंच विचारलं, “त्या आहुजाला बहीण आहे ना? या भाऊबीजेला तिनं कुणाला ओवाळायचं?” दोघांकडे उत्तर नव्हतं. खटल्यात त्या बहिणीने, मेमी आहुजाने, साक्ष दिली होती, तिच्या बाजूने तरुण राम जेठमलानी सरकारी वकिलांना मदत करत होते. पेढे खाताना तिची आठवण डब्यात कुणाला झाली नव्हती.

3 ऑक्टोबर 1995, दसऱ्याची रात्र. आम्ही डोंबिवलीत केबलवर अमेरिकेतल्या ओ. जे. सिम्पसन या कृष्णवर्णीय खेळाडूवरच्या खुनाच्या खटल्याचा निकाल पाहिला. आपट्याची पानं अजून टीपॉयवर पडलेली. ‘निर्दोष’ शब्द उच्चारला गेला आणि पडद्यावर एकीकडे कृष्णवर्णीय माणसं उड्या मारत होती, दुसरीकडे गोरी माणसं तोंडावर हात धरून बसली होती. आजोबा तेव्हा फार थकले होते. “हा आपलाच डबा आहे,” ते म्हणाले. मग त्यांनी त्या कापडवाल्याची गोष्ट पुन्हा सांगितली, आणि सांगता सांगता प्रथमच म्हणाले, की तो पेढा आपण घरी आणला खरा, पण खाल्ला कुणीच नाही.

आजीच्या प्रश्नाला मात्र उत्तर मिळालं होतं, 1964 मध्ये. राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली, त्याच वेळी भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही. त्याआधी मेमी आहुजाची लेखी संमती घेतली गेली. ज्यूरी, राज्यपाल, वर्तमानपत्र सगळं होऊन गाडी शेवटी त्या बहिणीच्या सहीपाशी आली. नानावटी कुटुंब पुढे कॅनडाला गेलं. आमच्या घरच्या गोष्टीत ही सही कधी नव्हती, मला ती फार उशिरा पुस्तकात सापडली. आणि 2016 मध्ये याच खटल्यावर बेतलेला ‘रुस्तम’ आला तेव्हा त्यात गणवेशातला नायक पुन्हा नायकच होता आणि मृताची बहीण सिगारेट ओढणारी, सूडाने पेटलेली खलनायिका. कल्याणच्या चित्रपटगृहात लोक नायकासाठी टाळ्या वाजवत होते. मी आत्याला घेऊन गेलो होतो. मध्यंतरात ती म्हणाली, “चल रे, घरी जाऊ,” आणि आम्ही उरलेला सिनेमा पाहिला नाही.