बुस्केटच्या राईतील पंगत

मे महिना उजाडला की धर्मग्रामाच्या कार्यालयात दोन प्रकारची माणसे अधिक येऊ लागतात. काही लग्नाच्या कागदपत्रांसाठी येतात, तर काही नुसते सांगायला येतात, "फादर, पुढचे दोन रविवार आम्ही नसू." मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात. कोणी गोव्याला निघालेले असते, कोणी समुद्रकाठच्या एखाद्या रिसॉर्टवर. घरातील वृद्ध मंडळी मात्र नाक मुरडतात. सुट्टीत मामाच्या घरी जावे, आजीच्या हातचे खावे. पैसे मोजून परक्याच्या पानावर बसण्यात कसले आले सुख, असे त्यांचे म्हणणे. माझेही मत बरीच वर्षे असेच होते. ते थोडेफार बदलले माल्टा या बेटाचा इतिहास वाचताना. मोकळ्या आभाळाखाली, आपल्याच भूमीवर, बायकामुलांसह निर्धास्तपणे चार घास खाणे हे सुख त्या बेटावरील सामान्य माणसाला फार उशिरा आणि फार किंमत मोजून मिळाले आहे.

माल्टाचे नाव आपल्या कानांना नवे नाही. सेमिनरीत असताना बायबलचे आमचे प्राध्यापक 'प्रेषितांची कृत्ये' शिकवताना फळ्यावर भूमध्य समुद्र काढीत आणि सिसिलीच्या खाली खडूने एक ठिपका देऊन म्हणत, "इथे पौल बुडता बुडता वाचला." कैदी म्हणून रोमला नेले जात असलेले संत पौल आणि जहाजावरील एकूण २७६ माणसे या किनाऱ्याला लागली. लूक सांगतो की, जहाज फुटण्यापूर्वी चौदा दिवस कोणी धड जेवले नव्हते. पौलाने भाकर घेतली, देवाचे आभार मानले, ती मोडली व सर्वांना खाण्यास सांगितले. किनाऱ्यावर आल्यावर बेटवासीयांनी पावसात व थंडीत त्यांच्यासाठी शेकोटी पेटवली. पुब्लियस नावाच्या तेथील प्रमुखाने तीन दिवस त्यांचा पाहुणचार केला. परक्याला जेवू घालणारे बेट अशी माल्टाची पहिली ओळख ख्रिस्ती जगाला झाली. पुढे त्याच बेटवासीयांना आपल्याच रानात कोणते मांस खावे आणि कोणते खाऊ नये, हे बाहेरून आलेले धनी सांगू लागले.

माल्टा, गोझो आणि चिमुकले कोमिनो या प्रमुख बेटांसह या देशाचे क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर आहे. भूमी खडकाळ, नद्या नाहीत, झाडे विरळ. भाषा अरबी कुळातील, पण लिपी रोमन. हे कॅथोलिक लोक देवाला 'आल्ला' म्हणतात आणि आपण ज्याला उपवासकाळ म्हणतो त्याला 'रांदान'. इसवी सन १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने ही बेटे संत योहानाच्या संघाच्या सरदारांना दिली. ऱ्होड्स बेट तुर्कांनी १५२२ साली घेतल्यापासून हा संघ निराश्रित होता. मोबदला ठरला तो वर्षाला एक ससाणा. शिकारी पक्षी देऊन मिळालेल्या या राज्यात शिकार हा सरदारांचा मोठाच छंद झाला. ग्रँड मास्टर व्हेर्दाल याने १५८६ साली राबात गावाजवळच्या टेकडीवर शिकारीसाठी वाडा बांधला. त्याखालच्या दरीतील झाडी म्हणजे बुस्केट. इटालियन भाषेत 'बोस्केत्तो' म्हणजे लहानशी राई. उघड्याबोडक्या बेटावर ही एकच सावलीची जागा, आणि ती धन्यांच्या शिकारीसाठी राखलेली. कोमिनो बेटाची तीच कथा. तेथील ससे व रानडुकरे राखीव असत आणि चोरून शिकार करणाऱ्याला संघाच्या गलबतांवर वल्ही मारण्याची शिक्षा होई. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्यांनी गरिबाला सशासाठी वल्ह्याला जुंपावे, हे लिहिताना एका धर्मगुरूची लेखणी थोडी अडखळते. तुर्कांच्या १५६५ मधील वेढ्यात याच सरदारांनी बेटवासीयांच्या खांद्याला खांदा लावून प्राणपणाने झुंज दिली, हेही तितकेच खरे.

ससा हा माल्टाच्या शेतकऱ्याला दुहेरी जिव्हाळ्याचा. पीक खातो म्हणून शत्रू, आणि गाय-बैल परवडत नाहीत तेथे स्वस्तात मिळणारे मांस म्हणून मित्र. त्यामुळे १७७३ साली गादीवर आलेल्या शिमेनेस या ग्रँड मास्टरने सशांच्या शिकारीवर बंदी घातली तेव्हा लोक चिडले. तिजोरी रिकामी, धान्य महाग, त्यात हे. शिवाय बिशपांच्या अधिकारावरून संघाशी वाद धुमसत होताच. मरियेच्या जन्माच्या सणानंतरच्या पहाटे, ९ सप्टेंबर १७७५ रोजी, संघाचा ताफा बेटावर नसल्याची संधी साधून काही स्थानिक धर्मगुरूंनी व्हालेत्ता शहरातील संत एल्मोचा किल्ला आणि संत याकोबाचा बुरूज ताब्यात घेतला. त्यांचा पुढारी होता डॉन गाएतानो मान्नारिनो. बुरुजावरील संघाचा ध्वज उतरवून त्यांनी संत पौलाचा ध्वज चढवला. शहर उठेल अशी त्यांची आशा होती. शहर उठले नाही. थोड्याच वेळात सारे संपले. तिघांना देहान्त शासन झाले, मान्नारिनो तुरुंगात पडला आणि १७९८ साली नेपोलियनच्या फौजांनी बेट घेतले तेव्हाच बाहेर आला. इतिहासात ही घटना 'धर्मगुरूंचा उठाव' म्हणून ओळखली जाते. हाती शस्त्र घेणारा धर्मगुरू मला पटत नाही, आणि त्या उठावात धर्मगुरूंचे स्वतःचेही काही हितसंबंध गुंतलेले होते. पण भुकेलेल्या शेतकऱ्याची तक्रार त्यांच्या कानापर्यंत पोचली होती, एवढे श्रेय त्यांना देतो.

आता त्याच बुस्केटच्या राईत आजही काय घडते ते पाहावे. संत पेत्र व संत पौल यांच्या सणाला, २९ जूनला, माल्टात 'इम्नारिया' म्हणतात. या शब्दाचे मूळ दिव्यांची रोषणाई असा अर्थ असलेल्या 'लुमिनारिया'मध्ये आहे. या सणाला जुन्या इम्दिना नगरीच्या तटावर दिवे लावीत. सणाच्या आदल्या रात्री कुटुंबेच्या कुटुंबे बुस्केटमध्ये जमतात. गवतावर चादरी अंथरल्या जातात, लसूण व दारूत शिजवलेला ससा, पाव आणि घरची द्राक्षाची दारू बाहेर निघते, आणि 'आना' नावाची लोकगीते गिटारवर रात्रभर चालतात. दुसऱ्या दिवशी राबातजवळ घोड्यांच्या व गाढवांच्या शर्यती होतात. विजेत्याला मिळालेले किनखापी पताकेचे वस्त्र पूर्वी तो आपल्या गावच्या चर्चला वेदीसाठी देई. लग्न ठरवताना वधूकडील मंडळी अशी अट घालीत की, नवऱ्याने तिला दरवर्षी इम्नारियाला नेले पाहिजे, असे परंपरेने सांगतात. आपल्याकडे लग्न ठरवताना काय काय मागितले जाते ते आठवून मला ही अट फारच समंजस वाटते. वर्षभर चुलीशी आणि शेतात राबणाऱ्या बाईने एका रात्रीची सावली, गाणे आणि बसल्या जागी जेवण मागून घेतले.

सशाच्या या सामुदायिक जेवणाला 'फेनकाटा' म्हणतात. 'फेनेक' म्हणजे ससा. राखलेल्या शिकारीविरुद्धच्या मूक निषेधातून ही पंगत रुजली, असे काही अभ्यासक मानतात. मला ते संभवनीय वाटते. मनाई केलेला पदार्थ चवीला अधिक लागतो, हे आदामापासूनचे सत्य आहे.

चुलीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगावीशी वाटते. झाडे नसलेल्या बेटावर सरपण दुर्मीळ. म्हणून घरोघरी दगडी चुलीवर मंद आचेवर रस्सा शिजत राही आणि रविवारचे भाजलेले जेवण मात्र गावच्या पाववाल्याच्या भट्टीत जाई. बायका मिस्साला जाण्यापूर्वी बटाटे व मांसाने भरलेली थाळी भट्टीवर ठेवीत आणि दुपारी आपापली खूण पाहून परत नेत. म्हणजे माल्टात माणसे जेवायला बाहेर जाण्याआधी जेवणच घराबाहेर जाऊन येत होते! मिस्सा लांबली की कोणाचे बटाटे करपले, हे तेथील धर्मगुरूंना ऐकावे लागत असेल. त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे.

सरदार गेले, दोन वर्षे फ्रेंच राहिले, १८०० साली इंग्रज आले. इंग्रजांच्या लेखी माल्टा म्हणजे बंदर, गोदी आणि तोफा. रशियाशी तणाव वाढला तेव्हा १८७८ साली सुमारे ७,००० हिंदी शिपाई मुंबईहून आगबोटींनी माल्टाला नेण्यात आले. ऐन उन्हाळ्यात त्यांचे तंबू तेथे पडले. आपल्या भागाचा त्या बेटाशी आलेला हा एक विसरलेला संबंध. बेट असे बंदर होऊन बसले की, त्याचा घास बाहेरच्या जहाजावर अवलंबून राहतो. पहिल्या महायुद्धानंतर पावाचे भाव भडकले आणि ७ जून १९१९ रोजी व्हालेत्तात जमाव खवळला. ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या झाडल्या. त्या दंगलीत चार माल्टी माणसे मृत्युमुखी पडली. 'सेत्ते जुन्यो', म्हणजे सात जून, हा आज तेथील राष्ट्रीय दिवस आहे. पावासाठी मेलेल्यांचा राष्ट्रीय दिवस पाळणारा देश 'आमची रोजची भाकर' ही प्रार्थना कशी म्हणत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

त्याहून भयंकर उन्हाळा १९४२ चा. जून १९४० पासून इटालियन आणि पुढे जर्मन विमाने बेटावर बाँब टाकीत होती. समुद्रकिनारे काटेरी तारांनी वेढलेले. ज्या खाडीत मुले पोहायची तेथे पहारा. एप्रिल १९४२ मध्ये इंग्लंडच्या राजाने साऱ्या बेटाला जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिले; पण पदकाने पोट भरत नाही. धान्य किती दिवस पुरेल यावरून शरणागतीची तारीख गुप्तपणे मोजली जात होती. याच वर्षी सरकारने सार्वजनिक स्वयंपाकघरे उघडली. त्यांना 'विजयाची स्वयंपाकघरे' असे भारदस्त नाव होते. घरच्या शिध्यातील वाटा सोडून द्यायचा, भांडे घेऊन रांगेत उभे राहायचे आणि मिळेल ते घरी न्यायचे. इंधन वाचावे हाही हेतू होता. लाखाहून अधिक लोक त्यावर जगले. चारा संपल्याने शेळ्या कापल्या गेल्या होत्या. त्यांचे चिवट मांस आणि पाणीदार रस्सा यांविषयीच्या तक्रारी त्या पिढीच्या आठवणीत पुढेही राहिल्या. एका अख्ख्या राष्ट्राचे बाहेरचे जेवण ते असे होते. ऑगस्टमध्ये १४ व्यापारी जहाजांचा ताफा निघाला. त्यांपैकी पाचच पोचली. शेवटचे, तेलाने भरलेले 'ओहायो', जवळजवळ बुडत्या अवस्थेत १५ ऑगस्टला, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, बंदरात आणले गेले. माल्टात त्या ताफ्याला आजही 'सांता मारियाचा ताफा' म्हणतात.

तोच १५ ऑगस्ट आज तेथील कुटुंबांच्या उन्हाळी सुट्टीचा मुख्य दिवस आहे. माणसे गोझोला जातात, वाळूवर चुली मांडतात, उशिरापर्यंत पाण्यात राहतात. पावाला टोमॅटो चोळून, वर ऑलिव्हचे तेल, केपर आणि टुना मासा घालून केलेला 'होब्झ बिझ्झेय्त' हा त्यांचा समुद्रकाठचा फराळ. देश २१ सप्टेंबर १९६४ रोजी स्वतंत्र झाला आणि ३१ मार्च १९७९ रोजी शेवटचे इंग्रज सैन्य गेले. गोदीवर पोसलेल्या बेटाला पर्यटनाकडे वळावे लागले. इम्जार हे शेतकऱ्यांचे खेडे फेनकाटाच्या खानावळींसाठी नावाजले. पहिल्यांदा सशाच्या रश्श्यातली स्पॅगेटी, मग ससा, असा तेथील क्रम. या गावचे चर्च १९१२ ते १९४६ या काळात उभे राहिले. गावकऱ्यांनी अंडी विकून निधी जमवला, म्हणून त्याला 'अंड्यांचे चर्च' म्हणतात. घुमटही योगायोगाने अंड्यासारखाच दिसतो. बांधकाम समितीच्या बैठकांना बसणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूने त्या घुमटाचे चित्र जवळ ठेवावे.

पर्यटनाने पैसा आणला आणि नवी अडचणही. सुमारे साडेपाच लाख वस्तीच्या या देशात २०२४ साली ३५ लाखांहून अधिक पर्यटक आले. किनाऱ्यावर आणि गल्ल्यांतून खुर्च्या-टेबले पसरली. जेथे सशासाठी माणसे वल्ह्याला जुंपली जात त्याच कोमिनोवर, निळ्या पाण्याच्या त्या प्रसिद्ध खाडीकाठी, भाड्याच्या खुर्च्यांनी जागा अशी व्यापली की स्थानिक कुटुंबाला चटई टाकायला कोपरा उरेना. उन्हाळा २०२२ चा. काही माल्टी कार्यकर्त्यांनी तेथे जाऊन त्या खुर्च्या उचलून बाजूला केल्या. पुढे २०२५ पासून त्या खाडीत एका वेळी किती माणसे जावीत यावर मर्यादा आली.

बुस्केटमध्ये मात्र २८ जूनच्या संध्याकाळी अजूनही कोणी जागेचे भाडे मागत नाही. आजीबाई दुपारीच जाऊन झाडाखाली चादर अंथरून ठेवतात आणि बाकीचे घर कामावरून परतल्यावर भांडी घेऊन मागाहून येते.