घड्याळाचा पाळणा

मंडळी, आजचा विषय जरा श्रीमंती आहे. ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ काढून ठेवलं की साधारण दीड-दोन दिवसांत बंद पडतं. ते पडू नये म्हणून एक पेटी मिळते, तिला वाइंडर म्हणतात. आत मोटर, मोटरीवर उशी, उशीवर घड्याळ. पेटी थोडं फिरवते, थांबते, पुन्हा फिरवते. मी तिला घड्याळाचा पाळणा म्हणते. परदेशातल्या माझ्या भाच्याकडे असे चार पाळणे आहेत. त्याचं म्हणणं, "मावशी, बंद ठेवलं की आतलं तेल घट्ट होतं, घड्याळ खराब होतं." हा समज मीही फार वर्षं ऐकत आले आहे. तो आला कुठून, हे पाहण्यासारखं आहे.

आपोआप चावी बसणारं घड्याळ स्वित्झर्लंडच्या ल लोक्ल गावी अब्राहम-लुई पेरले या कारागिराने 1770 च्या दशकात केलं, असं बहुतेक मानतात. (काही अभ्यासक हे श्रेय लिएजच्या ह्युबर्ट सार्टनला देतात. त्याने 1778 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे आपला आराखडा दिला होता. असले वाद इतिहासात असायचेच.) 1777 साली जिनिव्हाच्या कला-मंडळाने पेरलेच्या घड्याळाबद्दल नोंद केली, की खिशात ठेवून पंधरा मिनिटं चाललं तर ते आठ दिवस चालतं. आतलं वजन चालण्याच्या हिसक्याने हलायचं आणि स्प्रिंग गुंडाळायचं. पुढे पॅरिसला ब्रेगेनेही अशी घड्याळं केली, राजघराण्यातल्या गिऱ्हाइकांना विकली. पण कल्पना फार पसरली नाही. खिशातलं घड्याळ हलणार तरी किती? आणि खुर्चीत बसणाऱ्या माणसाचं तर मुळीच नाही.

पहिल्या महायुद्धानंतर घड्याळ मनगटावर आलं, आणि मनगट सतत हलतं. जॉन हारवूड नावाच्या इंग्रज कारागिराने युद्धात पाहिलं, की चावीच्या दांड्याच्या भोकातून धूळ आणि ओल आत शिरते. त्याने भोकच काढून टाकलं! 1923 साली त्याने स्विस पेटंटसाठी अर्ज केला, पुढच्या वर्षी ते मिळालं. त्याच्या घड्याळात वजन पूर्ण फिरत नसे, दोन्ही बाजूंच्या छोट्या स्प्रिंगांवर आपटून परत येई. काटे लावायचे ते काचेभोवतीची कडी फिरवून. कंपनी जागतिक मंदीत बुडाली, आणि 1931 साली रोलेक्सने पूर्ण गोल फिरणारा रोटर आणला. आजही हीच पद्धत चालते. म्हणजे दीडशे वर्षांची सगळी धडपड एवढ्यासाठी, की माणसाच्या रोजच्या हालचालीतून घड्याळाला शक्ती मिळावी. आणि आता माणसाच्या जागी विजेची मोटर! मला याची गंमत वाटते.

आता तेलाकडे येते, कारण खरी मेख तिथे आहे. जुन्या काळी घड्याळात सजीवांपासून मिळालेलं तेल घालत. ऑलिव्हचं, गाईबैलांच्या पायांच्या हाडांचं आणि सर्वांत नावाजलेलं म्हणजे पॉरपॉइज या समुद्री प्राण्याच्या जबड्यातलं. अमेरिकेतलं न्यू बेडफर्ड हे व्हेलच्या शिकारीचं बंदर या तेलाच्या धंद्याचंही गाव होतं. ही तेलं हवेने आणि पितळेच्या संगतीने काही वर्षांत चिकट होत. स्वयंपाकघरात तेलाच्या बरणीच्या तोंडाशी साचलेला डिंकासारखा थर आठवा, तसंच. म्हणून 'घड्याळ थांबू देऊ नका' हा सल्ला. पण चिकटणं हे काळाचं काम होतं, घड्याळ चालू असो की बंद. उपाय एकच होता, दर थोड्या वर्षांनी उघडून साफ करणं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कृत्रिम तेलं आली, 1972 साली अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं आणि जबड्याचं तेल मागे पडलं. नवी तेलं नुसतं पडून राहिल्याने इतक्या लवकर घट्ट होत नाहीत. तेल गेलं, सल्ला राहिला.

सतत चालू ठेवण्याची दुसरी परंपरा जहाजांवरची. डार्विनचं 'बीगल' जहाज 1831 साली निघालं तेव्हा त्यावर 22 क्रोनोमीटर होते. त्यांना रोज ठरलेल्या वेळी चावी देण्यासाठी खास माणूस होता. पण कारण तेल नव्हे. ग्रिनिचची वेळ हरवली तर रेखांश हरवला. वेळेत चार मिनिटांची चूक म्हणजे एक अंश! भर समुद्रात वेळ विचारायची कोणाला? आज ती भिंतीवरही आहे आणि फोनमध्येही.

मग पाळण्याचा उपयोग कोणाला? ज्या घड्याळात महिन्यांचे दिवस आणि लीप वर्षंसुद्धा आपोआप सांभाळली जातात, त्यांना नक्की. 1985 साली कुर्ट क्लाउसने आयडब्ल्यूसीसाठी असं एक घड्याळ केलं. त्याची तारीख एकेक दिवस पुढेच नेता येते, मागे आणता येत नाही. ते तीन महिने बंद पडलं तर नव्वदेक दिवस ढकलत बसा. तिथे पाळणा हवा. साध्या तारखेच्या घड्याळाला नको.

उलट हिशेब करून पाहा. अनेक आधुनिक घड्याळं ताशी 28,800 ठोके देतात. दिवसाचे होतात 6,91,200 आणि वर्षाचे 25 कोटी 22 लाखांवर. स्प्रिंग जास्त गुंडाळली जात नाही, कारण भरली की तिचं टोक डबीच्या भिंतीवर घसरतं. त्यामुळे पाळण्याने घड्याळ तुटणार नाही. पण ते ठोके कोणी पाहत नसतानाही पडतातच, आणि तेल तर त्यांनीच खपतं.

आमच्या ह्यांचं एचएमटीचं ऑटोमॅटिक ते गेल्यावर नऊ वर्षं कपाटात होतं. गेल्या वर्षी घड्याळजींनी उघडलं तेव्हा तेल वाळलेलं होतं, पण एकही भाग झिजलेला किंवा मोडलेला नव्हता. साफ केलं, तेल दिलं, चालू लागलं. ते म्हणाले, "बाई, हे बंद होतं म्हणून वाचलं." एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय केंद्र सरकारने 2016 च्या जानेवारीत घेतला. आता सुटे भाग मिळतात ते जुन्या साठ्यातून नाहीतर दुसऱ्या घड्याळाचे काढून. ज्याची चाकं पुन्हा मिळायची खात्री नाही ते रात्रंदिवस फिरवत ठेवायचं कशाला? तेव्हा भाच्या, पाचवा पाळणा माझ्यासाठी पाठवू नकोस.

मी ते सणावाराला घालते. घालायच्या आधी हलकेच हलवून चालू करते, काटे सकाळच्या सहावर आणते आणि मगच तारीख बदलते. रात्री नऊ ते पहाटे तीनपर्यंत तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात, तेव्हा बदलू नये. वार मी देवनागरीतला लावते, ह्यांनाही तोच आवडायचा.