चंदू चॅम्पियन

चंदू चॅम्पियन : मुरलीकांत पेटकर यांच्या जीवनावरील हिंदी चरित्रपट (१४ जून २०२४). दिग्दर्शक कबीर खान. प्रमुख भूमिका कार्तिक आर्यन. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे पेटकर सैन्याच्या ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स व यांत्रिक अभियंता) दलात मुष्टियोद्धे होते. १९६५च्या भारत-पाक युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कमरेखालचे शरीर लुळे पडले आणि एक गोळी पाठीच्या कण्याजवळ कायमची राहिली. १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर मुक्तशैली जलतरणात त्यांनी भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले.

हा क्रीडापट मानला जातो. पण त्याचा खरा विषय जखमी सैनिकाचे सावरणे हा आहे. पेटकर पोहू लागले ते पदकासाठी नव्हे, उपचार म्हणून. त्यामुळे खाटेला खिळलेला, इतरांवर अवलंबून राहावे लागलेला मुरली दाखवणारा रुग्णालयाचा भागच चित्रपटाचा कणा ठरतो. गाणी, विनोद आणि सरावाचा जल्लोष यांत ही वेदना हरवते, हा आक्षेप काही अंशी रास्त आहे. उत्तरार्धाला थोडी अधिक शांतता मानवली असती. तरीही कथेची चौकट या आक्षेपाला उत्तर देते. पदकानंतर कित्येक वर्षांनी म्हातारा मुरली अर्जुन पुरस्कार न मिळाल्याची तक्रार घेऊन पोलीस ठाण्याची पायरी चढतो, म्हणजे शरीर सावरले तरी उपेक्षेची जखम उघडीच असते. पेटकरांना पद्मश्री २०१८ साली मिळाली; अर्जुन जीवनगौरव मात्र चित्रपट प्रदर्शित झाल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये.