पेशीचं व्याज : सरळ की चक्रवाढ?

मंडळी, दारव्ह्याच्या माणसाला कापूस काही नवा नाही. पण रुईचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी असते, हे सांगितलं की बरेच जण चकित होतात. ही पेशी न दुभंगता अडीच-तीन सेंटिमीटर लांब होते. यीस्ट आणि जिवाणूंचं तसं नाही. त्या पेशी साधारण दुप्पट होतात आणि दुभंगतात. पण मधल्या काळात त्या वाढतात कशा? सरळव्याजाने की चक्रवाढव्याजाने?

सरळव्याज म्हणजे दर मिनिटाला सारखीच भर. चक्रवाढ म्हणजे पेशी जितकी मोठी, तितकी भर जास्त. ऐकायला सोपं वाटतं. पण मुद्दल एकदाच दुप्पट व्हायचं असेल, तर निम्म्या वेळी एक हिशेब १.५० सांगतो, दुसरा १.४१. फरक जेमतेम ६ टक्के! आणि मोजायचं काय, तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा जीव. म्हणून हा वाद अर्धशतकाहून जास्त चालला.

एडिंबरोच्या मर्डॉक मिचिसन यांनी (भारतात येऊन राहिलेल्या हाल्डेन यांचे हे भाचे) १९५७ मध्ये यीस्टची एकेक पेशी मोजली. त्यांच्या मते सुकं वजन सरळ रेषेत वाढत होतं. पुढे १९८५ मध्ये त्यांनी आणि पॉल नर्स यांनी पेशीची लांबी मोजली, तेव्हा एका रेषेच्या दोन झाल्या. वाटेत वेग बदलतो म्हणे. नर्स यांना पुढे २००१ मध्ये नोबेल मिळालं.

जिवाणूंसाठी २०१० मध्ये अमेरिकेत अरुंद नळ्यांची एक युक्ती निघाली. तीत एकच पेशी पिढ्यान् पिढ्या डोळ्यांसमोर राहते. तिथे वाढ चक्रवाढीची दिसली. २०१४-१५ च्या सुमारास आणखी एक गंमत कळली : जन्मताना पेशी लहान असो वा मोठी, दुभंगेपर्यंत भर साधारण सारखीच. भर ३ धरा. २ ने सुरू झालेली पेशी ५ होऊन दुभंगते, तिची लेक २.५, नात २.७५. ४ ने सुरू झालेलीची लेक ३.५, नात ३.२५. दर पिढीला तफावत निम्मी! मोजमाप ठेवणारा कोणी नको.

आपल्या पुण्यातही आयसर संस्थेत चैतन्य आठले यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१७ मध्ये दाखवलं, की वाढीचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की ई. कोलायच्या लांबीतली विविधता वाढते. घाईत डीएनएची नक्कल कुठे अडली, तर दुभंगणं लांबतं आणि पेशी लांबट होते, असं त्यांचं गणित सांगतं.

वर्गात आम्ही पोरांना सांगायचो, उत्तर जुळलं म्हणून रीत बरोबर ठरत नाही. ६ टक्क्यांच्या फरकात दोन्ही रीती जुळत होत्या. रीत कोणती, हे ठरवायला मोजण्याची साधनं सुधारावी लागली, आणि तोवर शास्त्रज्ञांना धीर धरावा लागला. मला तरी यात मोठं शहाणपण दिसतं. तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.