समुद्राच्या गाळांतील इतिहास

ओहोटीच्या वेळीं अलिबागच्या पुळणीवरून कुलाबा किल्ल्याकडे चालत जाणाऱ्या माणसाच्या पायांखालीं जो ओला, काळसर गाळ येतो, तो त्याला इतिहासाचा विषय वाटत नाहीं. त्याची दृष्टि तटाकडे असते. त्या तटामागें आंग्र्यांचीं गलबतें, १७२१ मध्यें इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून केलेली व फसलेली स्वारी, आणि सरखेल कान्होजींचें नांव उभें असतें. परंतु पायांखालच्या गाळांतही एक इतिहास आहे. त्याला राजा नाहीं, बखरकार नाहीं, आणि सनावळी तर मुळींच नव्हती; ती माणसानें गेल्या दीडशें वर्षांत मोठ्या कष्टानें बसविली. समुद्र पूर्वीं कोठें होता, आज आहे तेथें तो केव्हां आला, आणि येथेंच तो स्थिर राहील काय, हे त्या इतिहासाचे प्रश्न होत.

रायगड जिल्हा, म्हणजे १९८१ पूर्वींचा कुलाबा जिल्हा, हा खाड्यांचा मुलूख आहे. पाताळगंगा व अंबा या नद्या धरमतर व करंजा यांच्या बाजूनें मुंबईच्या बंदराकडे उतरतात. कुंडलिका रेवदंड्यापाशीं आणि सावित्री बाणकोटपाशीं समुद्रास मिळते. सह्याद्रीवर चार महिने कोसळणारा पाऊस काळ्या दगडाचा झिजलेला चुरा या वाटांनीं खालीं आणतो. त्यांतील जड वाळू लवकर खालीं बसते. बारीक चिखल मात्र खाड्यांत व उथळ समुद्रांत दूरवर पसरतो.

या चिखलाचें आणि प्रवाळाचें जन्माचें वैर आहे. प्रवाळ, म्हणजे ज्याला बाजारांत पोंवळें म्हणतात त्याच्या जातकुळीचे जीव, हे दगड नसून सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहती आहेत. प्रवाळभित्ति बांधणाऱ्या जातींच्या शरीरांत एकपेशीय वनस्पति राहतात. त्यांना सूर्यप्रकाश लागतो, आणि त्यांनीं तयार केलेल्या अन्नावर प्रवाळाचें बरेंचसें पोषण होतें. पाणी गढूळ झालें कीं प्रकाश अडतो, आणि वरून गाळ बसला कीं प्राणी गुदमरतो. म्हणून या किनाऱ्यास लागून लक्षद्वीपासारखी प्रवाळभित्ति उभी राहिली नाहीं. येथें गाळ पायांखालीं आहे आणि प्रवाळ दूर समुद्रांत आहे. तथापि समुद्राचा इतिहास वाचावयाचा तर या दोघांचीही साक्ष घ्यावी लागते.

पहिली मोठी साक्ष निघाली ती मात्र लांकडाची. मुंबई बेटाच्या भूरचनेचें वर्णन शल्यवैद्य हेन्री कार्टर यांनीं १८५२ मध्येंच केलें होतें. पुढें १८७५ च्या सुमारास, उरण-मोऱ्याच्या समोर, बंदराच्या पश्चिम काठावर प्रिन्सेस डॉक या गोदीचें काम सुरू झालें. गाळ व चिकणमाती उपसतां उपसतां खोदणाऱ्यांना झाडें लागूं लागलीं. एकदोन ओंडके नव्हेत, तर पावणेचारशेंहून अधिक झाडें. आणि त्यांतील दोनशेंहून अधिक आपल्या मुळांवर उभीं होतीं. लांकूड मुख्यतः खैराचें होतें. या बुडालेल्या जंगलाविषयीं इंजिनियर ऑर्मिस्टन यांचें टिपण १८७८ मध्यें भूविज्ञान सर्वेक्षण खात्यानें प्रसिद्ध केलें.

या शोधाचें मर्म एका साध्या गोष्टींत होतें. खैर हें कोरड्या जमिनीवरील झाड आहे. तें खाऱ्या पाण्यांत उगवत नाहीं. वाहून आलेला ओंडका आडवा पडतो, उभा राहत नाहीं. तेव्हां ओहोटीच्या रेषेच्याही खालीं उभीं सांपडलेलीं हीं झाडें जेथें वाढलीं तेथेंच बुडालीं, याविषयीं शंका उरली नाहीं.

परंतु याच किनाऱ्यावर नेमका उलट सांगणारा दुसरा साक्षीदार होता. मुंबई बेटांत व कोंकणच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणीं वाळू व शिंपले चुन्यानें एकमेकांस चिकटून झालेला घट्ट दगड आढळतो. असा दगड पुळणीवर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यांत तयार होतो. तो आजच्या भरतीच्या रेषेहून उंच आढळला, तर समुद्र एके काळीं वर होता, किंवा जमीन मागाहून उचलली गेली, असें मानावें लागतें. झाडें म्हणतात, ‘येथें पूर्वीं जमीन होती’. शिंपले म्हणतात, ‘येथें पूर्वीं समुद्र होता’. दोघेही खोटें बोलत नाहींत. मग खरें काय?

असाच वाद त्या काळीं हजारों मैलांवर, पॅसिफिक महासागरांतील प्रवाळबेटांविषयीं चालला होता. प्रवाळ उथळ व प्रकाशित पाण्यांतच वाढतें. मग अथांग समुद्राच्या मध्यभागीं त्याचीं कंकणाकार बेटें कशीं उभीं राहिलीं? चार्ल्स डार्विन यांनीं १८४२ मध्यें उत्तर दिलें, कीं ज्या ज्वालामुखीच्या बेटाभोंवतीं प्रवाळ वाढलें, तें बेट हळूहळू खचत गेलें आणि प्रवाळ तितक्याच गतीनें वर वाढत राहिलें. १९१५ मध्यें अमेरिकन भूशास्त्रज्ञ रेजिनाल्ड डेली यांनीं दुसरी बाजू मांडली. हिमयुगांत पृथ्वीचें पुष्कळसें पाणी बर्फाच्या रूपानें जमिनीवर अडकलें, त्यामुळें समुद्र खालीं गेला. बर्फ वितळल्यावर तो पुन्हा वर आला. जमीन खचली कीं पाणी चढलें, असा हा प्रश्न होता. डार्विनच्या मताची कसोटी १९५२ मध्यें एनिवेटॉक बेटावर लागली. तेथें सुमारें १,२५० ते १,४०० मीटर प्रवाळजन्य चुनखडक भेदून गेल्यावर गिरमिटाला खालचा ज्वालामुखीचा दगड लागला. डार्विन बरोबर ठरले. परंतु हिमयुगांत समुद्र खालींवर झाला, हें डेली यांचें म्हणणेंही खरेंच निघालें. हीं दोन्ही कारणें एकाच वेळीं काम करूं शकतात, आणि कोणाचा वांटा किती, हें ठिकाणागणिक तपासावें लागतें. कोंकणासही हाच धडा लागू होता.

त्या तपासास कालगणनेची जोड हवी होती. ती १९४९ मध्यें विलर्ड लिबी यांच्या किरणोत्सारी कर्बाच्या पद्धतीनें मिळाली. सजीव जोंपर्यंत जिवंत असतो तोंपर्यंत किरणोत्सारी कर्ब त्याच्या शरीरांत भरत राहतो. मृत्यूनंतर तो सुमारें ५,७३० वर्षांत निम्मा होतो. उरलेला अंश मोजला कीं वय निघतें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० नंतर अशीं मोजमापें होऊं लागलीं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील संशोधकांनीं कोंकणचे जुने किनारे व अश्मयुगीन वस्त्या यांचा एकत्र अभ्यास केला. स्टॅटिरा गझदर यांचा त्या विषयावरील ग्रंथ १९८० मध्यें प्रसिद्ध झाला.

तरीही शिंपल्याच्या वयावर डोळे मिटून विश्वास ठेवतां येत नाहीं. समुद्राच्या पाण्यांत जुना कर्ब मिसळलेला असल्यामुळें शिंपला आपल्या खऱ्या वयाहून कित्येक शतकें जुना भासतो. शिवाय जुना शिंपला लाटेनें उचलून नव्या पुळणींत आणून टाकलेला असूं शकतो. अशी सर्व वजावट करूनही कोंकणांतील शिंपल्यांचे बहुतेक दगड गेल्या सहा-सात हजार वर्षांच्या आंतले ठरले. म्हणजे झाडें आणि शिंपले यांचें भांडण एका काळाविषयीं असण्याचें कारण राहिलें नाहीं. समुद्र वर चढून आजच्या किनाऱ्याशीं आल्यानंतरचीं थोडीं पावलें शिंपल्यांनीं नोंदलीं. त्यापूर्वींची मोठी चढण शोधण्यासाठीं समुद्राच्या तळाशींच जावें लागलें.

तें काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनें केलें. ही संस्था १९६६ मध्यें स्थापन झाली आणि १९७६ मध्यें तिला ‘गवेषणी’ हें जहाज मिळालें. समुद्राचा तळ पाहण्याची रीत वरवर साधी आहे. लोखंडी जबडा दोरानें खालीं सोडून मूठभर गाळ उचलतात, किंवा लांब नळी तळांत खुपसून गाळाचा अखंड स्तंभ वर काढतात. स्तंभांत सर्वांत खालचा थर सर्वांत जुना. मग गाळ चाळण्यांतून गाळून वाळू वेगळी करतात. बारीक मातीचे कण पाण्यांत किती वेगानें खालीं बसतात यावरून त्यांचा आकार ठरवितात. त्यांत फोरामिनिफेरा नांवाचे एकपेशीय जीव असतात. त्यांचीं चुन्याचीं कवचें बहुधा मोहरीच्या दाण्याहून लहान असतात. त्यांतील कांहीं जाति खाडीच्या मचूळ पाण्यांत राहतात, कांहीं खोल समुद्रांत. कोणत्या थरांत कोणतीं कवचें किती, हें सूक्ष्मदर्शकाखालीं मोजलें कीं त्या थराच्या काळचें पाणी कसें होतें, याचा अंदाज येतो.

या पाहणींतून पश्चिम समुद्राच्या तळाचें एक चित्र उभें राहिलें. मुंबई-रायगडसमोर समुद्राचें उथळ पठार सुमारें तीनशें किलोमीटर रुंद आहे. किनाऱ्यापासून साधारण पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंत नद्यांचा चिखल आहे; त्यापलीकडे मात्र चिखल संपतो आणि चुन्याची वाळू लागते. जुन्या नकाशांवर ‘पन्नास वांवांचें पठार’ या अर्थाच्या इंग्रजी नांवानें दाखविलेल्या भागांत माशाच्या गाबोळीसारखे वाटोळे चुन्याचे कण सांपडले. असे कण कोमट, उथळ, लाटांनीं सतत ढवळलेल्या पाण्यांतच तयार होतात. ते पाऊणशेंहून अधिक मीटर खोलीवर सांपडतात, याचा अर्थ त्या काळीं किनारा तेथवर गेलेला होता. त्यांचीं व तेथील चुनखडकाचीं वयें दहा हजार वर्षांच्या आगेंमागें निघालीं. अशा अनेक मोजमापांवरून संस्थेच्या संशोधकांनीं १९९५ मध्यें जो आलेख मांडला, त्याप्रमाणें सुमारें साडेचौदा हजार वर्षांपूर्वीं समुद्र आजच्याहून शंभरएक मीटर खालीं होता, आणि थांबत थांबत चढून तो सुमारें सात हजार वर्षांपूर्वीं आजच्या पातळीजवळ आला. आज जेथें अलिबागचे कोळी जाळीं टाकतात, तेथें एके काळीं नद्या वाहत होत्या.

चिखलाच्या पट्ट्यापलीकडे स्वच्छ पाणी असल्यामुळें जिवंत प्रवाळही तेथेंच सांपडावयाचें. १९७८ मध्यें रा. रा. नायर व सय्यद झहूर कासिम यांनीं कर्नाटकांतील मालपेसमोरच्या समुद्रांत जिवंत प्रवाळ असलेल्या एका उंचवट्याची माहिती प्रसिद्ध केली; त्यास ‘गवेषणी’ जहाजाचें नांव मिळालें. महाराष्ट्राचा असा उंचवटा त्याहून मोठा आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें शंभर किलोमीटरवर, पाण्याखालीं वीस-पंचवीस मीटरवर त्याचा माथा आहे. नाविकांच्या नकाशांत तो ‘आंग्रिया बँक’ म्हणून ओळखला जातो. ज्या कान्होजींची समाधि अलिबागेंत आहे, त्यांच्या घराण्याचें नांव अशा रीतीनें एका प्रवाळभूमीस लाभलें आहे.

डिसेंबर २०१९ मध्यें शास्त्रज्ञ व पाणबुडे यांचें एक पथक तेथें पाहणीस गेलें. प्रवाळाच्या अभ्यासांत पाणबुडे तळावर मोजपट्टी ताणतात, तिच्याखालीं येणारें प्रवाळ, शैवाल, वाळू यांची क्रमानें नोंद करतात आणि छायाचित्रें घेतात. पुढच्या खेपेस हीच मोजणी करून वाढ किंवा ऱ्हास ठरवितात. प्रवाळाच्या गाभ्यांत वृक्षाप्रमाणें वार्षिक वलयें असतात, हें १९७२ मध्यें क्ष-किरणांनीं सिद्ध झालें. म्हणून मोठी प्रवाळवसाहत म्हणजे समुद्राच्या उष्णतेची वर्षवार वहीच होय. गाळ हजारों वर्षांचा हिशेब ठोकळ मानानें सांगतो. प्रवाळ थोड्या शतकांचा, परंतु वर्षागणिक सांगतें.

हा सर्व खटाटोप विद्वानांच्या समाधानासाठींच आहे, असें समजणें चुकीचें होईल. अलिबाग व पेण यांच्या खारेपाटांत पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी भरतीच्या पाण्याहून खालच्या जमिनींत भात पिकवीत आले आहेत. मातीचा बांध समुद्रास अडवितो आणि उघाडीवाटे पावसाचें पाणी बाहेर जातें. उधाणानें बांधाला खांड पडली कीं खारें पाणी शेतांत शिरतें आणि जमीन कांहीं वर्षें नापीक होते. या जमिनींच्या रक्षणासाठीं १९४८ मध्यें मुंबई सरकारास स्वतंत्र कायदा करावा लागला. ऑर्मिस्टन यांचें टिपण छापलें गेलें त्याच १८७८ सालापासून मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीमापक यंत्राच्या नोंदी उपलब्ध आहेत. त्यांवरून विसाव्या शतकांत तेथें पाणी वर्षाला एका मिलिमीटरहून थोडें कमी चढलें असें दिसतें; १९९३ पासून उपग्रहांनीं केलेल्या मोजणींत जगाच्या समुद्राचें सरासरी मान वर्षाला तीन मिलिमीटरहून अधिक आहे. एक मिलिमीटर म्हणजे अगदींच थोडें. परंतु ज्याचा बांध उधाणाच्या रेषेहून हातभरच उंच आहे, त्याच्या नातवासाठीं हा हिशेब क्षुल्लक नाहीं.

म्हणूनच या बखरीचीं पानें जपून ठेवण्यासारखीं आहेत. पुळणीची वाळू उपसली, शिंपल्यांचा दगड बांधकामास नेला, खाडीचा तळ खरवडला, कीं तो थर पुन्हा लिहिला जात नाहीं. गोदी खोदणाऱ्यांनीं झाडें उपटून फेकून दिलीं असतीं आणि कोणी तीं मोजलीं नसतीं, तर तें जंगल दुसऱ्यांदा आणि कायमचें बुडालें असतें. एका इंजिनियरानें कामाच्या घाईंतही त्यांची मोजदाद करून ठेवली. कुलाबा किल्ल्याच्या वाटेवरील गाळही अशाच एखाद्या मोजणाऱ्याची वाट पाहत, दर भरतीस एक नवा पातळ थर आपल्या अंगावर घेत असतो.