स्टुडबेकर : ढकलगाडीपासून खेळण्यापर्यंत

सन १९६५ मध्ये इंग्लंडातील लेस्नी कंपनीने आपल्या ‘मॅचबॉक्स’ मालिकेत एक नवी चिमुकली मोटार विक्रीस आणली. अमेरिकेच्या स्टुडबेकर कंपनीच्या ‘लार्क वॅगनेअर’ गाडीची ती प्रतिकृती. मूळ गाडीप्रमाणेच हिच्याही छपराचा मागील भाग सरकवून उघडता येई. सोबत एक शिकारी आणि त्याचा कुत्राही मिळे. मुलांच्या हाती हे खेळणे पडले तेव्हा, मूळ गाडी जेथे जन्मास आली त्या कारखान्यातील काम थांबून वर्षाहून अधिक काळ लोटला होता.

हा कारखाना इंडियाना राज्यातील साउथ बेंड ह्या गावी होता. १८५२ साली हेन्री व क्लेमेंट स्टुडबेकर ह्या बंधूंनी अवघ्या ६८ डॉलरांच्या भांडवलावर तेथे लोहारकामाचे दुकान थाटले. त्यांचा धाकटा भाऊ जॉन सोन्याच्या ओढीने कॅलिफोर्नियास गेला. परंतु त्याला सोने गवसले ते खाणीत नव्हे, तर खाणकऱ्यांसाठी एकचाकी ढकलगाड्या घडविण्यात. १८५८ साली ८,००० डॉलर गाठीस बांधून तो परतला आणि ते द्रव्य त्याने भावांच्या धंद्यात घातले. यादवी युद्धात सैन्याला गाड्या पुरवून धंदा भरभराटला.

घोड्याची सद्दी संपत आल्याचे ह्या घराण्याने वेळीच ओळखले. १९०२ साली विजेवर चालणारी व १९०४ साली पेट्रोलवर चालणारी मोटार निघाली. १९३१ साली जाहिरातीसाठी कंपनीने ४१ फूट लांबीची प्रचंड लाकडी मोटार उभारली. प्रतिकृती मूळ वस्तूहून मोठी, असा हा विरळाच प्रकार! मात्र मंदीच्या तडाख्यात १९३३ साली कंपनीचे दिवाळे निघाले. त्यातूनही ती सावरली. दुसऱ्या महायुद्धात तिच्या मालमोटारी फार मोठ्या संख्येने रशियन सैन्याकडे गेल्या. १९५३ सालची, रेमंड लोवी ह्यांच्या कचेरीत रेखिलेली बुटकी, डौलदार गाडी आजही सौंदर्याचा नमुना मानली जाते.

तथापि तीन बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांच्या किंमतयुद्धापुढे सौंदर्य तोकडे पडले. १९५४ साली पॅकार्ड कंपनीशी झालेल्या एकीकरणानेही तरणोपाय झाला नाही. ९ डिसेंबर १९६३ रोजी साउथ बेंडचा कारखाना बंद करण्याची घोषणा झाली.

खरा आघात त्यानंतर उघड झाला. निवृत्तिवेतनाच्या निधीत पुरेसा पैसाच नव्हता. आधीच निवृत्त झालेल्यांना आणि साठी गाठलेल्या जुन्या कामगारांना पूर्ण हक्क मिळाला. चाळीस ते साठ ह्या वयाच्या सुमारे ४,००० कामगारांच्या पदरी मात्र डॉलरमागे सुमारे १५ सेंट पडले. त्यांची सरासरी सेवा २३ वर्षांची होती! त्यांहून तरुण असलेल्यांना काहीच मिळाले नाही. वचन दिले गेले होते. पण ते पाळण्याची सक्ती कोणावरही नव्हती.

ह्या प्रकरणाचा दाखला पुढे अमेरिकेत वारंवार दिला गेला. अखेर १९७४ साली कामगारांच्या निवृत्तिवेतनास संरक्षण देणारा कायदा झाला आणि बुडालेल्या निधींची हमी घेणारी सरकारी संस्था स्थापन झाली.

कॅनडातील हॅमिल्टन येथे मार्च १९६६ मध्ये शेवटची स्टुडबेकर मोटार तयार झाली. ११४ वर्षांचा व्यवसाय संपला. खेळण्यातील तो शिकारी आणि त्याचा कुत्रा आज संग्राहकांच्या कपाटांत सुखरूप आहेत. साउथ बेंडच्या कामगारांना जे लाभले नाही, ते त्यांच्या हानीतून इतरांच्या म्हातारपणाला लाभले.