चंद्रकांता, क्रूरसिंह आणि आपली इंदुरी मराठी घरं

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

क्रूरसिंह म्हटलं की आपल्या वयाच्या माणसाच्या तोंडून आपोआप 'यक्कू' निघतं. 1994 ते 1996 या काळात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'चंद्रकांता' लागायची आणि रामबागेतली गल्ली ओस पडायची. 'रामायण' आणि 'महाभारत' संपून काही वर्षं झाली होती, पण रविवारी सकाळी टीव्हीसमोर बसायची सवय मोडली नव्हती. अखिलेंद्र मिश्रांच्या त्या वर चढवलेल्या भुवया, पंकज धीरचा शिवदत्त, शिखा स्वरूपची राजकन्या, हे सगळं आजही सगळ्यांना आठवतं. ज्यांना नुसतं तेवढंच आठवतं, त्यांच्यासाठी ही पोस्ट आहे. कारण आपल्यातल्या बऱ्याच घरांत त्याच्या कितीतरी आधीपासून एक चंद्रकांता नांदत होती, आणि ती पुस्तकातली होती.

आधी पुस्तकाबद्दल. देवकीनंदन खत्री यांचा जन्म 1861 चा, बिहारमधल्या मुजफ्फरपूर भागातला. पुढे ते काशीत स्थायिक झाले. काशीच्या महाराजांकडून त्यांना चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका मिळाला होता. त्या कामानिमित्त ते डोंगर, दऱ्या, पडके किल्ले पालथे घालत हिंडले. 1888 साली 'चंद्रकांता' छापली जाऊ लागली. कादंबरीतली नौगढ, विजयगढ, चुनारगढ ही गावं खरीखुरी आहेत. आज नौगढ चंदौली जिल्ह्यात येतं, विजयगढचा किल्ला सोनभद्रात आणि चुनार मिर्झापुरात. पुढे 'चंद्रकांता संतति' आली, तिचे 24 भाग. 1898 मध्ये खत्रींनी काशीत स्वतःचा लहरी प्रेस काढला. 'भूतनाथ' लिहिता लिहिता 1913 मध्ये ते गेले, आणि ती कादंबरी त्यांच्या मुलाने, दुर्गाप्रसाद खत्रींनी पूर्ण केली.

आचार्य रामचंद्र शुक्लांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात या पुस्तकांना साहित्याच्या पंगतीत बसू दिलं नाही. पण त्याच पानावर त्यांना कबूल करावं लागलं की खत्रींनी हिंदीला जेवढे वाचक मिळवून दिले तेवढे दुसऱ्या कोणी दिले नाहीत. 'चंद्रकांता' वाचता यावी म्हणून कित्येक उर्दूवाल्यांनी नागरी अक्षरं गिरवली, असं तेव्हापासून सांगतात.

आता प्रश्न असा की काशीत छापलेली ही हिंदी कादंबरी इंदूरच्या मराठी घरात शिरली कशी?

आमच्या घरातला पुरावा सांगतो. पणजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून होते. त्यांच्याकडची 'चंद्रकांता'ची प्रत अजून आहे, पानं पिवळी पडून कडा झडल्यात. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला त्यांनी आपलं नाव मोडीत लिहिलंय. पुस्तक हिंदी, छपाई नागरी, सही मोडी आणि घर मराठी. आपण मालव्यात कसे राहिलो, हे एवढ्या एका पानावर दिसतं. कचेरीतला हिशेब मोडीत, देवघरातली पोथी बाळबोधीत आणि बाजारात भाव करायचा तो हिंदीत. बाळबोध अक्षर येणाऱ्या माणसाला खत्रींची हिंदी पहिल्या दिवसापासून वाचता येत होती. शब्द अडला तर गोष्टीच्या ओघात कळायचा. 'कमंद' म्हणजे फासाचा दोर आणि 'लखलखा' म्हणजे हुंगवून शुद्धीवर आणायचं औषध, हे आमच्या आजोबांना कुठल्याही कोशाने शिकवलं नाही, तेजसिंहाने शिकवलं.

शिवाय असल्या अद्भुत गोष्टींची गोडी मराठी माणसाला काही नवी नव्हती. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' 1861 ची, म्हणजे खत्रींच्या जन्माच्या वर्षीची. त्यानंतर रिसबुडांची 'मंजुघोषा' आली. राजपुत्र, राजकन्या, ताटातूट, दुष्ट प्रधान हा सगळा मामला आपल्याकडे आधीच वाचला जात होता. खत्रींनी त्यात ऐयार घातला आणि गोष्टीचं कोडं करून टाकलं.

आणि ते इंदूर बघा कसं होतं. 1917 साली मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरलं, अध्यक्ष गणेश जनार्दन आगाशे. पुढच्याच वर्षी, 1918 मध्ये, हिंदी साहित्य संमेलनही इंदुरातच भरलं आणि अध्यक्ष होते महात्मा गांधी. दक्षिणेत हिंदी प्रचाराचं काम सुरू झालं ते तिथूनच. 1935 मध्ये तर दोन्ही संमेलनं एकाच वर्षी इंदुरात झाली. मराठीचे अध्यक्ष औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि हिंदीचे पुन्हा गांधीजी. एका गावाने दोन भाषांचा पाहुणचार केला, आणि दोन्हीकडच्या मांडवात आपली माणसं असणार हे उघड आहे. गजानन माधव मुक्तिबोध ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरला जन्मले, हिंदीत कवी झाले, आणि त्यांचे सख्खे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहिते झाले. एका आईची दोन मुलं दोन भाषांत. पुण्याच्या नातेवाइकांना याचं नवल वाटतं, आपल्याला वाटत नाही.

आता मालिकेकडे येतो, कारण खरं दुखणं तिथे आहे.

मी तेव्हा सातवीत होतो. आजोबा ऐंशीच्या पुढचे. त्यांनी 'चंद्रकांता' त्यांच्या वडिलांच्या तोंडून ऐकलेली, मग स्वतः कितीदा वाचलेली, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर आम्हा नातवंडांना रोज एक 'बयान' अशी वाचून दाखवलेली. खत्रींनी प्रकरणाला 'बयान' म्हटलंय. आजोबा वाचायचे हिंदी आणि मध्येच थांबून मराठीत विचारायचे, "सांग बरं, हा खरा नाझिम की तेजसिंहाने घेतलेलं सोंग?" आम्ही अंदाज बांधायचो. बरोबर आला तर शेंगदाण्याची चिक्की मिळायची, चुकला तर "मागचं पान नीट ऐकलं नाहीस" अशी बोलणी.

त्यामुळे मालिका येणार म्हटल्यावर घरात लग्नघरासारखा उत्साह. त्यात वीरेंद्रसिंह झालेला शाहबाज खान हा उस्ताद अमीर खांसाहेबांचा मुलगा. इंदूर घराण्याच्या खांसाहेबांचा मुलगा नौगढचा राजकुमार झाला, म्हणजे आमच्या काकांच्या मते ही मालिका इंदूरचीच! पटकथा कमलेश्वरांची, निर्मिती नीरजा गुलेरींची. आजोबांनी पहिल्या रविवारी धुतलेलं धोतर नेसून खुर्ची टीव्हीसमोर ओढली.

पहिले काही भाग ते गप्प होते. मग एका रविवारी जादूचा मोठा प्रसंग झाला, धूर, वीज, सगळा थाट, आणि ते उठले. म्हणाले, "यात ऐयारी कुठाय रे? ही तर जादू झाली." आत्या म्हणाली, "अण्णा, बघा ना, किती सुंदर दाखवलंय." आजोबा म्हणाले, "सुंदर आहे गं. पण कोडं गेलं."

या एका वाक्यावर मी पुढे बराच विचार केला आणि माझं मत आजोबांच्या बाजूने पडतं. 'चंद्रकांता'त जादू नाही. ऐयार म्हणजे हेर आणि बहुरूपी यांचं मिश्रण. त्याच्या बटव्यात रंग, बेशुद्धीची पूड, लखलखा, आणि कमरेला कमंद. तो चेहरा बदलतो ते रंगरोगणाने, भिंत चढतो ते दोराने. तिलिस्म ही कारागिरांनी बांधलेली वास्तू आहे, कळा, खटके आणि भुयारं यांची. उघड्या चोचीचा दगडी बगळा माणूस गिळतो तेव्हा अंगावर काटा येतो, पण हे कसं घडलं ते लेखक पुढे उलगडून देतो. 'संतति'मधला तो तिलिस्मी खंजर आठवतो? हात लावणारा बेशुद्ध पडतो, आणि ज्याच्या बोटात जोडीची अंगठी आहे त्याला काही होत नाही. खत्रींनी त्याचा खुलासा विजेचा दिलाय. ज्या काळात आपल्या गावांत विजेचा दिवासुद्धा पोचला नव्हता, तेव्हा एक ठेकेदार माणूस वाचकाला सांगत होता की बाबारे, चमत्कार दिसला तर आधी त्याची कळ शोध.

दुसरी गोष्ट, ऐयारांचा धर्म. पकडलेल्या ऐयाराला मारायचं नाही, कैद करायचं. खत्रींनी प्रस्तावनेतच सांगितलंय की जुन्या दरबारांतले ऐयार रक्त न सांडता भांडणं मिटवायचे. शत्रूकडचा पंडित बद्रीनाथ पुढे 'संतति'मध्ये वीरेंद्रसिंहाच्या बाजूने उभा राहतो आणि त्यात कोणाचीच मान खाली जात नाही. मालिकेत तलवारी फार खणखणल्या. इरफान खानने बद्रीनाथ मात्र असा केला की आजोबाही परत येऊन बसायचे. "हा माणूस डोळ्यांनी ऐयारी करतो," असं ते म्हणायचे. तेव्हा आम्हाला त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

आणि क्रूरसिंह! पुस्तकात तो विजयगढच्या दिवाणाचा मत्सरी मुलगा. गोष्ट त्याच्यापासून पेटते, पण पुढे खरा शत्रू होतो चुनारचा शिवदत्त. मालिकेत क्रूरसिंहाने सगळी मैफल मारली. त्याला हसत हसत आम्ही मोठे झालो, पण माझ्या वर्गातल्या कितीजणांना तेजसिंह आणि चपला यांची जोडी आठवते? पुस्तकाचा अर्धा जीव त्या दोघांत आहे. चपला स्वतः ऐयारा आहे. वेष पालटते, दोर टाकते, मैत्रिणीसाठी जीव धोक्यात घालते. 1888 च्या पुस्तकातली बाई ही. आमच्या आजीचं आवडतं पात्र तेच होतं. आजीला वाचता येत होतं ते बाळबोध, पोथीपुरतं. पोथीबाहेरचं तिने वाचलेलं पहिलं पुस्तक 'चंद्रकांता', आणि तेही चपलाचं पुढे काय झालं हे कळेपर्यंत आजोबा संध्याकाळी घरी येण्याची वाट बघवेना म्हणून. आमच्या घरातली बाई हिंदी वाचायला अशी शिकली.

मालिकेला नुसती नावं ठेवणं बरोबर नाही. तिच्यामुळे माझ्या पुण्याच्या मावसभावंडांना पहिल्यांदा कळलं की आम्ही ज्याच्या गोष्टी सांगतो ते काय प्रकरण आहे. त्याआधी "तुम्ही काय बाई, हिंदी पुस्तकं वाचता!" असं ऐकून घ्यावं लागायचं. 1994 नंतर त्यांनीच पत्रातून विचारलं, "वनकन्या कोण निघते ते सांग ना." मी सांगितलं नाही, आणि इथेही सांगणार नाही.

त्यानंतर 2011 मध्ये एक मालिका आली आणि 2017 मध्ये तर दोन वाहिन्यांवर दोन वेगवेगळ्या चंद्रकांता एकाच वर्षी सुरू झाल्या. त्यांत जादू आणखी वाढली. माझी मुलगी त्यातली एक बघायची. एकदा मी तिच्यासमोर पणजोबांची प्रत ठेवली. तिला मराठी बोलता येतं, हिंदी उत्तम बोलता येते, पण दोन्ही वाचताना ती अडखळते, कारण शाळा इंग्रजी. पहिलं बयान आम्ही चार रात्री वाचलं. पाचव्या रात्री तिने विचारलं, "बाबा, हा खरा आहे की सोंग?" मी म्हटलं, "मागचं पान नीट ऐकलं नाहीस."

म्हणून एक विनंती. इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैन, देवास, धार, कुठेही तुमचं जुनं घर असेल, तर माळ्यावरच्या पेट्या बघा. 'चंद्रकांता', 'संतति', 'भूतनाथ' यांच्या जुन्या प्रती निघाल्या तर रद्दीत घालू नका. आतल्या पानावर कोणाची सही आहे का, मोडीत आहे की बाळबोधीत, किंमत लिहिलीय का, कोणाला भेट दिलीय, ते उतरवून ठेवा. मोडी लागत नसेल तर मला फोटो पाठवा, मी थोडीफार वाचतो. आपल्या माणसांनी दुसरी भाषा कशी आपलीशी केली याचे कागद कुठल्या दफ्तरात सापडायचे नाहीत, ते अशाच पुस्तकांच्या आतल्या पानांवर आहेत.

आणि घरात मूल असेल तर रोज एक बयान. चिक्की जवळ ठेवा.